ढोमणे बाई आणि ढोलवाला देव

आमच्या फ्रिस्कोत कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं, की श्रीखंड संपता संपता कोणीतरी फोन काढतो आणि म्हणतो, "तुम्ही तो व्हिडिओ पाहिलाय का? गेम खेळणाऱ्या आजीचा?" मग तो फोन हातोहात फिरतो. त्यात सत्तरी ओलांडलेली एक बाई पदर कमरेला खोचून, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून टीव्हीसमोर उभी असते आणि पडद्यावरच्या पोराला ओरडत असते, "आडवं हाण! आडवं हाण, मेल्या!" लोक पोट धरून हसतात. "सो क्यूट!" म्हणतात. माझं डोकं फिरतं. मागच्या महिन्यात तर मी हातातली वाटी आपटून उठले आणि नवऱ्याला घरी येईपर्यंत ऐकवत राहिले. तो शेवटी म्हणाला, "मला काय सांगतेस, लिहून काढ."

तर सांगते. ढोमणे बाई क्यूट नव्हत्या. आयुष्यात एक क्षणभरही नव्हत्या.

पहिल्या भेटीतच मी त्यांना आपली सवयीनं "काकू" म्हटलं. इथे आपण दिसेल त्या साठीच्या माणसाला काका-काकू करून टाकतो, नाव विचारायची तसदीच घेत नाही. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी कोणाची काकू नाही. चाळीस वर्षं पीटी शिकवलं मी नागपुरात. ढोमणे बाई म्हणायचं. तू कुठली?" मी म्हटलं, सोलापूरची. त्या दिवसापासून मी 'सोलापूर' झाले. "ए सोलापूर, पाठ सरळ!" हे त्यांचं नमस्कारासारखं होतं. त्यांचा मुलगा हेमंत, सून प्राची आणि शाळकरी नात आमच्या शेजारचे, मधे फक्त लाकडी कुंपण. मी घरून काम करते, त्यामुळे बाईंची शिट्टी मला माझ्या मीटिंगमध्येसुद्धा ऐकू यायची. खरी, पितळेची, पीटीची शिट्टी. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, ती होती.

बाई आल्या होत्या उन्हाळ्यापुरत्या. परतीचं तिकीट हातात होतं. नागपुरात निवृत्तीनंतर त्या एका सरकारी मैदानाच्या कोपऱ्यात मुलींना लाठी आणि लेझीम शिकवायच्या. दिवाळीच्या सुट्टीत मोठं शिबिर असायचं. निघताना मुलींना शब्द दिला होता, दिवाळीच्या शिबिराला मी मैदानावर असेन. तो कोपरा एका क्रिकेट कोचिंगवाल्याला केव्हापासून हवा होता. बाई दिसल्या नाहीत, तर शिबिर होणार नव्हतं आणि शिबिर झालं नाही, तर त्याची सरावाची जाळी तिथे लागणारच होती. हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि नंतर जवळजवळ रोज.

आणि आमच्या हेमंतरावांनी काय करावं? त्यांनी आईला एका सकाळी काही कागद पुढे करून "इथे सही कर, व्हिसाचं काम आहे" म्हटलं. आईनं मुलावर विश्वास ठेवून सही केली. तो ग्रीन कार्डचा अर्ज होता. अर्ज चालू असताना देश सोडला, तर तो रद्द होतो. मग यानं परतीचं तिकीट कॅन्सल केलं आणि ते झाल्यावर आईला सांगितलं. वर म्हणाला, "सरप्राइज! आता तुला परत जायची कटकटच नाही." एका माणसाला त्याच्या घरी जायची कटकट! मला हेमंत वाईट माणूस वाटत नाही, आणि तेच जास्त चीड आणणारं आहे. तो आईला डॉक्टरकडे नेत होता, तिच्यासाठी मऊ गादी आणली होती, खोलीत वेगळा टीव्ही लावला होता. फक्त तिला काय हवंय हे विचारणं तेवढं राहून गेलं होतं.

"आई, तू आता आराम कर," हे त्याचं पालुपद.

"मी काय लोणच्याची बरणी आहे का," बाई कडाडायच्या, "एका कोपऱ्यात झाकून ठेवून राहिलास मला?"

सुरुवातीला निदान त्या बाहेर तरी पडायच्या. आमच्या वस्तीच्या मागे एक तळं आहे, त्याच्या काठी सकाळी झाडूचं दांडकं घेऊन लाठीचा सराव करायच्या. एका सकाळी तिथे पोलिसांची गाडी आली. कोणीतरी फोन केला होता की एक वयस्कर बाई काठी फिरवतेय आणि एकटीच ओरडतेय. मी चपला घालून धावले. तोवर तो उंचापुरा तरुण पोलीस अगदी नम्रपणे विचारत होता, "मॅम, आर यू ओके?"

"आय ॲम ओके," बाई म्हणाल्या. "यू आर नॉट ओके. स्टँड स्ट्रेट!"

आणि तो उभा राहिला की सरळ! मग हसला, मला म्हणाला, कोणाला लागणार नाही एवढं बघा, आणि गेला. त्याची काहीच तक्रार नव्हती. तक्रार हेमंतची होती. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यानं आईला एखाद्या शाळकरी पोराला सांगावं तसं सांगितलं, "आई, इथे असं चालत नाही. एकटी बाहेर पडत जाऊ नकोस. लोक काय म्हणतील यार?" पोलिसाला जे खटकलं नाही, ते मुलाला खटकलं. दारावर घंटी वाजवणारं यंत्र बसलं. बाईंनी उंबरा ओलांडला की हेमंतच्या फोनवर कळायचं.

त्यानंतरचे काही दिवस कुंपणापलीकडून शिट्टी आली नाही. मला ती शांतता सहन होईना, म्हणून मी दुपारी डबा घेऊन गेले. पाहते तर बाई टीव्हीसमोर उभ्या, आणि हातात गेमचा कंट्रोलर.

तो गेम हेमंतनं स्वतःसाठी आणला होता. चिनी पुराणातल्या देवदानवांचा, भलताच अवघड. दोन दिवस खेळून, हरून, कंटाळून त्यानं तो तसाच टाकून दिला होता. बाईंनी चुकून कुठलंतरी बटण दाबलं आणि पडद्यावर एक पोरगा उभा राहिला. डोंगरावरच्या मठात झाडलोट करणारा. मठावर राक्षस येतात, गुरुजींना स्वर्गातला दरबार उचलून नेतो, आणि हा पोरगा झाडूचं दांडकं मोडून त्याची लाठी करतो आणि गुरुजींना आणायला निघतो. वाटेत नदीतले ड्रॅगन, कोल्हीण झालेल्या राण्या, दगडाचे सिंह आणि कसले कसले. बाई त्या गेमला 'चिनी पुराण' म्हणत.

"ए सोलापूर, हे पाहा. पकड बरोबर आहे याची," त्या मला म्हणाल्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी कशाला तरी बरोबर म्हटलं होतं. "ज्यांनी बनवलं, त्यांनी लाठी पाहिलेली आहे. पण मनगट फिरवत नाही मेला."

मग शिट्टी पुन्हा सुरू झाली. बाई बसून कधीच खेळल्या नाहीत. "लाठी काय बसून चालवतात?" बूट घालायचे, पदर खोचायचा, देवाला नमस्कार करतात तसा त्या पोराला करायचा आणि सुरू. हरल्या, की कंट्रोलर ठेवायच्या, दांडकं उचलायच्या आणि त्या राक्षसाचे वार स्वतः करून पाहायच्या. लेझमीचे आकडे मोजत. "एक, दोन, तीन, आडवं! पाच, सहा, खाली वाक, आठ!" प्रत्येक राक्षसाची एक चाल असते, ती आकड्यांत बसली की तो मेला, असं त्यांचं म्हणणं. नदीतला ड्रॅगन त्यांना सहावर शेपूट मारायचा. एकदा मी बॉसशी बोलत होते आणि पलीकडून "सहावर शेपूट! सहावर शेपूट!" असं इतकं मोठ्यानं आलं, की त्यानं विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, अगदी ठीक आहे.

आणि मी जवळून पाहत होते म्हणून सांगते, बाई करमणूक करून घेत नव्हत्या. त्या पोराला घेऊन त्या रोज घराबाहेर पडत होत्या. त्याला डोंगर चढता येत होता, रस्ता ओलांडता येत होता, आणि त्याच्या दारावर घंटी नव्हती. एकदा बर्फातल्या एका लांबच लांब पायवाटेवरून त्यांनी त्याला नुसतंच चालवत ठेवलं. वाटेत एकही राक्षस नव्हता. मी विचारलं, बाई, इथे काय करायचं असतं? "चालायचं असतं," त्या म्हणाल्या. मला त्या दुपारी इतका राग आला होता की घरी येऊन मी उगाच भांडी घासत बसले.

तो व्हिडिओ याच दिवसांतला. हेमंतनंच पायऱ्यांवरून काढला आणि ग्रुपवर टाकला.

गणपतीला हेमंतकडे सगळे जमलो होतो. आरती झाली, प्रसाद झाला, आणि व्हिडिओ पाहिलेल्या एका शहाण्यानं बाईंना छेडलं, "काय काकू, किती राक्षस मारले?"

"एक उरला," बाई म्हणाल्या. मग सगळ्यांदेखत हेमंतकडे वळल्या. "मला दिवाळीच्या आधी नागपूरला जायचं आहे. तू तिकीट केव्हा काढून राहिला?"

लोकांसमोर हा विषय निघाला की हेमंत तो हसण्यावारी नेतो. तेव्हाही हसला. "आई, तो शेवटचा मार ना आधी. मारलास की दुसऱ्या दिवशी तिकीट. प्रॉमिस. गणपतीसमोर सांगतो, चल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "मोरया!" म्हणालं. त्याला खात्री होती की ते जमणार नाही. तो स्वतः पहिल्याच राक्षसाला कंटाळला होता. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मूर्तीकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. "गणपतीसमोर बोललास," एवढंच म्हणाल्या.

इथे बाईंच्या वर्गातली एक रीत सांगायला हवी. ती मला त्यांनीच सांगितली होती, आणि हेमंत त्यांच्याच शाळेच्या मैदानावर वाढलेला, त्यालाही ती चांगली ठाऊक होती. शब्द देऊन मोडणाऱ्याला बाई मारत नसत, ओरडतही नसत. शिट्टी वाजवून सावधानमध्ये उभं करत. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. बाई "विश्राम" म्हणेपर्यंत हलायचं नाही. बाईंना वाटेल तेव्हा त्या विश्राम म्हणत.

तो शेवटचा म्हणजे स्वर्गाच्या दारावरचा मेघगर्जनेचा देव. पक्ष्यासारखी चोच आणि पाठीवर ढोलांची माळ. तो ढोल वाजवतो आणि त्या ठेक्यावर विजा पडतात. बाई त्याच्यावर जाम भडकल्या होत्या, कारण तो आकड्यांत बसत नव्हता. चारपर्यंत तालात वाजवायचा आणि पाचवा ठोका मुद्दाम रोखून धरायचा. आपण पाचला उडी मारली, की तो थांबून वीज टाकायचा. "फसवून राहिला," बाई दात-ओठ खाऊन म्हणायच्या. "ताल दाखवतो आणि मोडतो. माझ्या ओळखीचा आहे हा."

अशात खंडेनवमी आली. इथे आपण काय करतो, ठाऊकच आहे. पाटावर लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, मुलीचं व्हायोलिन, प्रेशर कुकरसुद्धा. प्राचीनं त्या पाटावर अगदी मधोमध कंट्रोलर ठेवला. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. हळद, कुंकू आणि पाणी त्या कंट्रोलरच्या अंगठ्यानं फिरवायच्या दांडीखाली गेलं आणि तिथेच वाळलं. दसऱ्याला सोनं लुटून झाल्यावर बाईंनी तो हातात घेतला, तर पोरगा आपोआप डावीकडे चालायला लागला. बटण सोडलं तरी डावीकडेच. कड्यावरून सरळ खाली.

मी तिथेच होते. बाईंचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरले. "कोणी केलं हे?"

प्राची रडवेली झाली होती. "मी, आई. सॉरी. मला कळलंच नाही. तुमचं शस्त्र आहे ना ते, म्हणून मधे ठेवलं."

कंट्रोलरवर सुकलेलं कुंकू होतं, त्यावर बाई अंगठा ठेवून उभ्या राहिल्या. त्या घरात एवढ्या महिन्यांत ते खेळणं नाही, शस्त्र आहे, हे एकीला तरी कळलं होतं. "पुसू नकोस," त्या शेवटी म्हणाल्या. "राहू दे."

हेमंत म्हणाला, "नो प्रॉब्लेम, नवीन ऑर्डर करतो." इथे सकाळी मागवलेली वस्तू संध्याकाळी दारात येते. तो कंट्रोलर काही आला नाही. आज करतो, उद्या करतो, कार्टमध्ये टाकलाय. मी मागवते म्हटलं, तर मला म्हणाला, "तू नको यार, मी केलाय ऑर्डर." त्याला आता भीती वाटायला लागली होती, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं. तो हसला. तो नेहमी हसतो.

बाईंनी नव्याची वाट पाहिली नाही. पोरगा डावीकडे ओढतो ना, मग उजवीकडे तोल धरून खेळायचं. "आमच्या शाळेत एका पायानं अधू मुलगी होती, तिला काय लाठी शिकवली नाही का मी?" डावा अंगठा सतत उजवीकडे रेटून धरायच्या. अंगठ्याला फोड आला. प्राची ऑफिसला जाण्याआधी त्यावर पट्टी बांधून द्यायची, आणि दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलायच्या नाहीत.

दिवाळी जवळ आली होती. शनिवारची सकाळ. हेमंत मुलीला व्हायोलिनच्या क्लासला सोडून खरेदीला गेला होता. प्राचीचा फोन आला, "ये लवकर." मी पोचले तेव्हा ढोल वाजत होते. बाई आकडे मोजत नव्हत्या. तोंड घट्ट मिटलेलं. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्याला त्या हलल्याच नाहीत. पोरगा जागचा हलला नाही. देव थांबला, बाई थांबल्या. ठोका पडला आणि तेव्हाच त्यांनी लाठी आडवी मारली. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. शेवटी ढोल फुटले. प्राचीनं माझा हात इतका आवळला होता की बांगडी रुतली.

देव मेला, दार उघडलं. आत स्वर्गातला दरबार, आणि गुरुजी तिथे मखमली गादीवर बसलेले, हातात अमरत्व देणारं पीचचं फळ. ते म्हणतात, बाळा, तूही इथेच राहा, तुझी जागा तयार आहे, आता कसले कष्ट नाहीत. पडद्यावर एक रिकामं आसन चमकायला लागलं.

"पाहा!" बाई गरजल्या. "इथेही आरामच देऊन राहिले!" आणि त्यांनी त्या पोराला पाठ फिरवायला लावून दाराबाहेर काढलं. तो डोंगर उतरत राहिला आणि त्याच्यावरून चिनी नावं सरकत राहिली, बनवणाऱ्यांची. ती सगळी संपेपर्यंत बाई सावधानमध्ये उभ्या होत्या.

हेमंत पिशव्या घेऊन आत आला तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या. "मारला," त्या म्हणाल्या. "तिकीट काढ."

त्यानं पडद्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि हसला. "अरे वा! ग्रेट, आई! पण अगं, ते मी गमतीत म्हटलं होतं. अर्ज पेंडिंग आहे, आत्ता गेलीस तर सगळं वाया जाईल. पुढच्या दिवाळीला नक्की. प्रॉमिस."

बाई ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त कंट्रोलर खाली ठेवला, अगदी हळू, आणि खुर्चीवर बसल्या. त्या घरात मी त्यांना पाठ टेकून बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझ्या तोंडाशी इतकं काही आलं होतं, पण प्राची आधी बोलली.

"हेमंत, पासपोर्ट कुठे ठेवलायस आईंचा?"

"प्राची, प्लीज. तू मधे पडू नको. अर्ज रद्द होईल."

"होऊ दे. त्यांनी मागितला होता का? गणपतीसमोर बोललास तू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा वाजवल्या." बोलता बोलता तिची बोटं फोनवर चालू होती. "मी काढतेय तिकीट. तुला भांडायचं असेल, तर आई गेल्यावर भांड."

विमानतळावर मीही गेले होते. हेमंतनं व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आपण इथून जाणाऱ्या प्रत्येक आई-बापाला व्हीलचेअरवर बसवतो, चालता येवो न येवो. बाईंनी त्या खुर्चीकडे पाहिलं, आपली बॅग तिच्यावर ठेवली, आणि ढकलणाऱ्या मुलीला "कम, लेफ्ट-राइट!" म्हणून पुढे चालू लागल्या. प्राचीच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाल्या, "पाठ, सोलापूर." हेमंत वाकून पाया पडला, त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

काचेपलीकडे तपासणीच्या रांगेत त्यांची शिट्टी अडली. काढून ट्रेमध्ये ठेवा, असं तिथल्या माणसानं खुणेनं सांगितलं. त्यांनी काढून दिली, कमानीतून पलीकडे गेल्या, परत घेतली, गळ्यात घातली. मग वळल्या आणि काचेतून थेट हेमंतकडे पाहिलं. शिट्टी ओठांत धरली आणि वाजवली.

अख्खं विमानतळ थबकलं. तिथला माणूस "मॅम! मॅम!" करत धावला. माझ्या शेजारी हेमंतच्या टाचा एकदम जुळल्या. हात मांड्यांना चिकटले, मान ताठ, नजर समोर. आपण काय करतोय हे त्याच्या लक्षातही आलं नसावं.

बाईंनी त्याला नीट पाहून घेतलं. मग पाठ फिरवली आणि खुर्चीच्या पुढे पुढे, पांढरे बूट आपटत, गर्दीत दिसेनाशा झाल्या. विश्राम काही त्या म्हणाल्या नाहीत.